पानाला पाच पौंड

लॉरेनने गुरुवारी संध्याकाळी ‘ब्लोर मंडळी’ या ग्रुपवर तो संदेश टाकला, तेव्हा येत्या रविवारी जेवायला कुणी फिरकणार नाही याची तिला खात्री होती. संदेश साधाच होता. सगळ्याचेच भाव कुठल्या कुठे गेलेत, तेव्हा यापुढे रविवारच्या जेवणाला पानामागे पाच पौंड आणावेत, गोड त्यातच धरलं आहे, राग नसावा. शेवटी तिने एक हसरा चेहरा टाकला, तो बरा दिसेना म्हणून काढला, आणि नुसता संदेश फारच करडा वाटायला लागला म्हणून पुन्हा टाकला.

सासरे गेल्यापासून अकरा वर्षं रविवारचं जेवण तिच्याच घरी होत होतं. त्या अकरा वर्षांत ब्लोरांपैकी कुणी तिला साधी लोण्याची वडी आणून दिली नव्हती, पण पैसे मागितले की हीच माणसं कशी ताठ होतील हे तिला पाठ होतं. नणंद डेनीस उंबरठा चढणार नाही. डेनीस नाही म्हणजे तिचा नवरा क्लाइव्ह नाही, कारण मोटार डेनीस चालवते. आणि सासूबाई अ‍ॅव्हिस, वय वर्षं एकोणऐंशी, पोटच्या पोराच्या टेबलावर पैसे मोजायचे म्हटल्यावर लाँगटनच्या आपल्या घरात मुकाट बसून राहतील. या शेवटच्या विचाराने लॉरेनला बरं वाटलं नाही. पण सासू दुखावली तर तिची समजूत घालता येते. ताटल्यांचं तसं नव्हतं.

ताटल्या विकून दोन आठवडे झाले होते.

बारा मोठ्या, बारा लहान, आणि ग्रेव्हीचं झाकणाचं भांडं. लग्नात अ‍ॅव्हिसने दिलेला सेट. ऑल्डरसनच्या चिनीमातीच्या कारखान्यात अ‍ॅव्हिस सदतीस वर्षं चितारीण होती, आणि या प्रत्येक ताटलीच्या काठावरची निळ्या फुलांची वेल तिने स्वतःच्या हाताने काढली होती. मागच्या बाजूला कारखान्याचा छाप, आणि छापाखाली तिची खूण: तीन ठिपके आणि एक शेपटी. चितारणींना पगार नगावर मिळायचा, तेव्हा कुठला नग कुणाचा हे कळावं म्हणून प्रत्येकीची अशी खूण असे. अ‍ॅव्हिसच्या बरोबरीच्या पोरींपैकी कुणी फुलपाखरू काढायची, कुणी नावाचं पहिलं अक्षर. अ‍ॅव्हिसने तीन ठिपके निवडले, कारण त्यात वेळ जात नाही.

आता स्टोक हे गावच चिनीमातीच्या भांड्यांचं, आणि तिथल्या माणसाची खोड अशी, की जेवायला बसला की आधी ताटली पालथी करून कुणाचा माल आहे ते बघतो. हॉटेलात बघतो, लग्नात बघतो, मयताच्या चहाला गेला तरी बशी उलटून बघतो. लॉरेन डर्बीची, म्हणजे मोटारीने जेमतेम तासाभराच्या वाटेवरची, पण तिकडे असलं काही नाही. तिच्या लग्नात ब्लोरांकडची चाळीस माणसं खुर्चीत टेकल्याबरोबर ताटल्या पालथ्या करायला लागली, तेव्हा तिच्या वडिलांना वाटलं, भांडी घासलेली नाहीत असा यांना संशय आहे. ते मरेपर्यंत ब्लोरांशी धड बोलले नाहीत.

अ‍ॅव्हिस तर दर रविवारी ताटली उलटायची. आपलाच माल आहे हे ठाऊक असताना उलटायची, अंगठ्याने ते तीन ठिपके चाचपायची, ताटली सरळ करायची, आणि मगच वाढा म्हणायची.

आणि लॉरेनने तो सेट विकला होता. घराच्या कर्जाची दोन वर्षांची ठरावीक व्याजाची मुदत सप्टेंबरात संपली आणि महिन्याचा हप्ता सहाशे दहावरून एकदम नऊशे पंच्याऐंशीवर गेला. त्याच महिन्यात नवरा रसेल कामाला होता त्या टाइल्सच्या कारखान्याने गॅस परवडत नाही म्हणून भट्ट्या आठवड्यातून तीनच दिवस पेटवायचं ठरवलं, आणि रसेलचा पगारही तीनच दिवसांचा झाला. लॉरेन शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढायची. त्या पगारात ब्लोरांचं रविवारचं जेवण निघे, हप्ता निघत नसे. मुलगी कीली, तेवीस वर्षांची, भाड्याने खोली परवडत नाही म्हणून अजून घरातच होती. तिनेच ताटल्यांचे फोटो काढले, जाहिरात टाकली, आणि केंटमधल्या कुणा हौशी बाईने तीनशे चाळीस पौंड दिले. दोन दिवस ती रक्कम फार मोठी वाटली. तिसऱ्या दिवशी ती गॅस आणि विजेच्या थकबाकीत गेली.

बदली सेटही कीलीनेच शोधला. ऑल्डरसनचा कारखाना बंद पडून किती वर्षं झाली, पण नाव कुणीतरी विकत घेतलं होतं. आता तीच वेल परदेशात छापून निघते आणि रिंगरोडवरच्या मोठ्या दुकानात, पडदे आणि उशांच्या मधल्या रांगेत, बारा ताटल्या तीस पौंडांना मिळतात. समोरून बघाल तर फरक नाही. मागे छापही तोच, फक्त त्याखाली परदेशाचं नाव, आणि तीन ठिपके नाहीत.

गेले दोन रविवार लॉरेनने घरात खोकल्याची साथ असल्याचं सांगून ढकलले होते. तिसऱ्यांदा कुणाला खोकला झाला असता तर डेनीस सूप घेऊन आली असती. म्हणून पाच पौंड.

रविवारी सकाळी दहाला वीस मिनिटं कमी असताना अ‍ॅव्हिस दारात उभी होती.

“एक वाजता जेवायचंय, अ‍ॅव्हिस,” लॉरेन म्हणाली.

“ठाऊक आहे. पहिली बस रिकामी असते.” अ‍ॅव्हिसने पर्समधून पाचाची नोट काढून चहाच्या डब्याखाली ठेवली, मग विणकामाची पिशवी घेऊन हॉलमध्ये गेली आणि खोली तापवणाऱ्या रेडिएटरला पाठ टेकून बसली. कोट तिने काढला नाही. “जेवण, गोड आणि दिवसभर ऊब, सगळं पाच पौंडांत. बाई, तुला हिशेब येत नाही. मी तुझ्या जागी असते तर आठ घेतले असते.”

लॉरेन स्वयंपाकघरात आली आणि ओव्हनच्या दाराला टेकून उभी राहिली. हिशेब तिला खरोखरच आला नव्हता. किंमत एवढी ठेवायची की अपमान वाटावा, हे तिने बरोबर केलं होतं. पण घरी बसून शेगडी लावण्यापेक्षा स्वस्त पडू नये, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

डेनीस आणि क्लाइव्ह साडेअकरालाच आले. क्लाइव्हच्या कोटाखाली काहीतरी चौकोनी होतं. त्याने आल्या आल्या लॉरेनच्या हातात घाईघाईने एक नोट सरकवली, बाहेर मोटारीपाशी पिशव्या काढणाऱ्या डेनीसकडे एकदा बघून घेतलं, आणि विचारलं, “सॉकेट कुठे रिकामं आहे गं?”

“ते काय आहे?”

“सायकलची बॅटरी. विजेची सायकल आहे ना माझी. पाचच तास लागतात.”

डेनीस मात्र नोट घेऊन आली नव्हती. तिने टेबलावर मधोमध चकचकीत कागदात गुंडाळलेलं एक पुडकं ठेवलं. “चीज आणि लोणचं लावून ब्रेड आणलाय मी माझा,” ती म्हणाली. “जेवणाला बसणार, कारण माझी आई इथे आहे. जेवणार माझं मी.”

“डेनीस, कशाला हे,” रसेल म्हणाला. तो कोंबड्या कापायची सुरी पाजळत होता. भांडणात मधोमध उभं राहून कुणाच्याच बाजूने न बोलण्याची कला त्याने लहानपणीच कमावली होती.

“कशाला ते तुझ्या बायकोला विचार. आईकडून किती घेतले?”

“पाच,” अ‍ॅव्हिस रेडिएटरपाशी विणता विणता म्हणाली. “कमीच आहेत.”

डेनीसने टेबलाकडे बघितलं. काटे होते, सुऱ्या होत्या, पाण्याचे पेले होते. “ताटल्या का नाहीत मांडलेल्या?”

“ओव्हनमध्ये आहेत,” कीली पटकन म्हणाली. “तापत ठेवल्यात.”

“असं का. ताटल्या तापवायला वीज आहे.”

एक वाजता लॉरेनने सगळी पानं आतच वाढली, दोन्ही हातांत फडकी धरून एकेक ताटली बाहेर आणली आणि प्रत्येकाला बजावलं, “चटका बसेल, हात लावू नका.” कोंबडी, भाजलेले बटाटे, गाजरं, मटार, पिठाचं फुगलेलं, बिनगोडाचं यॉर्कशायर पुडिंग, आणि वर काठोकाठ ग्रेव्ही. शाळेत रोज शंभरभर पोरांना वाढणाऱ्या तिच्या हाताने एवढी भरलेली पानं कधी वाढली नव्हती. अशी भरलेली ताटली पालथी करायची म्हणजे मांडी भाजून घ्यायची. अ‍ॅव्हिसची बोटं सवयीने काठाशी गेली, चटका बसला, मागे आली. तिने लॉरेनकडे बघितलं आणि काटा उचलला.

डेनीसने आपलं पुडकं सोडलं. “मला एक रिकामी ताटली दे. ताटलीचे तरी पैसे नाहीत ना?”

रिकामी, कोरडी ताटली डेनीसच्या हातात दोन सेकंदसुद्धा सरळ राहिली नसती. “आणते,” म्हणून लॉरेन आत गेली आणि बाहेर आली ती कोंबडीची अख्खी तंगडी, सहा बटाटे आणि ग्रेव्हीचं तळं घेऊन.

“मी पैसे देणार नाही म्हटलं ना.”

“नको देऊस. तुला फुकट.”

क्लाइव्हने काटा खाली ठेवला. “एक मिनिट. मी दिलेत.”

“तू दिलेस?” डेनीस वळली. “कधी?”

“दारात.”

“मी तुला गाडीत काय सांगितलं होतं? एक पेनी द्यायची नाही म्हणून.”

“मला जेवायचं होतं, डेनीस.”

“मीही दिलेत,” अ‍ॅव्हिस म्हणाली, “आणि मी तर यजमानाची आई.” तिला मजा यायला लागली होती.

रसेलचे कान लाल झाले. आयुष्यात क्वचित घेतो तशी त्याने बाजू घेतली, आणि घेतली ती नेमकी चुकीची. “लॉरेन, आईकडून घेतेस आणि हिला फुकट वाढतेस? हा कुठला न्याय?”

“ए, तू मध्ये पडू नकोस,” डेनीस तंगडीवर सुरी चालवत म्हणाली. “तिने आपणहून वाढलंय. तिच्या घरात ती कुणाला काय वाढेल ते तिचं ती बघेल.” अशा रीतीने एका तंगडीत डेनीस भावजयीच्या पक्षात आली, आणि रसेल आपल्याच घरात एकटा पडला.

लॉरेनला याचा आनंद मानायला सवड नव्हती. तिचं लक्ष ताटल्यांवर होतं. क्लाइव्हच्या ताटलीचा तळ दिसायला लागला की ती बटाटे घाली. अ‍ॅव्हिसची वेल अर्धी उघडी पडली की ग्रेव्ही ओती. कीली दुसऱ्या बाजूने मटार घेऊन फिरत होती. पैसे लावून जेवण घालणारी बाई अशी वाढत सुटलेली स्टोकमध्ये कुणी पाहिली नसेल.

“बास, लॉरेन,” क्लाइव्ह कळवळून म्हणाला. “पाच पौंड केव्हाच वसूल झाले.” त्याची नजर फडताळावरच्या, वीज किती जळतेय ते दाखवणाऱ्या मीटरच्या छोट्या पडद्यावर गेली. “तुमचा दिवा लाल झालाय.”

“तो सकाळपासून लाल आहे,” रसेल म्हणाला.

डेनीस चावायची थांबली. तिच्या डोळ्यांतून काही सुटत नसे. “अकरा वर्षांत हिने मला कधी अख्खी तंगडी वाढलेली नाही. गुरुवारी पैसे मागते आणि रविवारी उधळते. तुमचं काय चाललंय काय? घरात काही झालंय का?”

लॉरेन हातातला डाव धरून उभी होती. तिला वाटलं, सांगून टाकावं, आत्ता, ग्रेव्ही गरम आहे तोवर. पण रसेलच आधी बोलला.

“भट्ट्या तीनच दिवस पेटतात,” तो ताटलीकडे बघत म्हणाला. “सप्टेंबरपासून. पगार तीनच दिवसांचा. आणि घराचा हप्ता पावणेचारशेने वाढलाय. नाताळनंतर हे घर ठेवता येईल की नाही, सांगता येत नाही.”

हे घरात आजवर मोठ्याने कुणी बोललं नव्हतं. लॉरेनला एकदम रडू आलं, आणि रसेलविषयी माया वाटली, आणि तो हे आत्ताच बोलला म्हणून रागही आला.

“मला सांगायचंस,” अ‍ॅव्हिस म्हणाली.

“सांगून काय झालं असतं, आई?”

“काही नाही. पण सांगायचंस.”

क्लाइव्ह भला माणूस होता. दुसऱ्याचं दुःख ऐकलं की त्याला आपलंही सांगितल्याशिवाय राहवत नसे. “आमच्याकडेसुद्धा हीटिंग फक्त न्हाणीघरात लावतो आम्ही,” तो म्हणाला. “संध्याकाळी तिथेच बसतो. मी टबच्या कडेवर, ही—”

“क्लाइव्ह.”

“अगं, त्यात लाजायचं काय? बॅटरी इथे कशाला आणली असं वाटतं त्यांना? छंद म्हणून?”

डेनीसची मान लालबुंद झाली. न्हाणीघरात बसणारी बाई ही डेनीसची आपल्याविषयीची कल्पना नव्हती. तिला तातडीने दुसरा कुठलातरी विषय हवा होता, आणि समोर आईने ब्रेडच्या तुकड्याने पुसून लख्ख केलेली ताटली होती. लॉरेन आणि कीलीच्या नजरेतून सुटून अ‍ॅव्हिसने केव्हातरी जेवण संपवलं होतं.

“आई,” डेनीस म्हणाली, “आज तू ताटली उलटली नाहीस.”

कीलीने मटारचं भांडं छातीशी धरलं.

“खरंच की,” अ‍ॅव्हिस म्हणाली. तिने ताटली उचलली, पालथी केली, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरली. अंगठा छापाखाली फिरला. जिथे तीन ठिपके असायचे तिथे तो थांबला, मागे आला, पुन्हा तिथेच गेला. लॉरेनने डोळे मिटले.

“तुझंच ना?” डेनीसने विचारलं.

“मग कुणाचं असणार?” अ‍ॅव्हिस म्हणाली. “अठ्ठ्याहत्तरचं. त्या वर्षी निळा जरा पातळच यायचा.” तिने ताटली सरळ केली. तेवढ्यात डेनीसचा हात स्वतःच्या ताटलीकडे गेलेला तिने बघितला. “ठेव खाली, ग्रेव्ही सांडेल. लॉरेन, तू गोडाचं बघ. ताटल्या मी उचलते.”

सगळे बघत राहिले. अकरा वर्षांत अ‍ॅव्हिसने या घरात चमचासुद्धा उचलला नव्हता. तिने सहाही ताटल्या एकावर एक रचल्या, स्वयंपाकघरात नेल्या आणि दार पायाने लोटून घेतलं.

लॉरेन आत ओट्याशी उभी होती. गाल ओले होते आणि हातात फडकं होतं, पण पुसायचं सुचत नव्हतं.

“अ‍ॅव्हिस, मी तुम्हाला—”

“किती आले?”

“काय?”

“सेटचे. किती आले?”

“तीनशे चाळीस.”

अ‍ॅव्हिसने ओठ मुडपले. “टपालखर्च धरून?”

“तो घेणारीने दिला.”

“मला दोनशे दहा मिळाले,” अ‍ॅव्हिस म्हणाली आणि नळ सोडला. “मार्चमध्ये. बाजारातल्या त्या मेल्याने माझ्या डोळ्यांदेखत दोन लहान ताटल्यांना टवका उडालाय म्हणून पन्नास कापले. तुझी पोर असं विकून देते हे आधी कळलं असतं तर तिच्याकडूनच विकून घेतला असता.”

लॉरेनला आधी अर्थच लागेना. अ‍ॅव्हिसच्या घरी, हॉलमधल्या काचेच्या कपाटात, याच्याच जोडीचा दुसरा सेट होता. तो तिने वीस वर्षांपूर्वी डेनीसच्या नावाने ठेवला होता. त्यावरून डेनीस ऊठसूट सांगायची, की माझा सेट आईकडे सुरक्षित आहे, रोजच्या जेवणात वापरून कुणी त्याची वाट लावलेली नाही.

“पण कपाटात तर आहे,” लॉरेन म्हणाली. “मी ऑगस्टमध्येच बघितलाय.”

“कपाटात काय आहे ते तूही विकत घेतलंयस. पडदे आणि उशांच्या मध्ये. कितीला पडलं?”

“तीस.”

“माझ्याकडून पस्तीस घेतले. चोर.” अ‍ॅव्हिसने एक ताटली घासून खळबळली आणि कोरडी पुसली. “आज आल्यापासून बघतेय, तू ताटल्या सोडून कुठे बघत नाहीस. कपाटाचं दार कुणी उघडलं की माझंही असंच होतं.”

“डेनीसला कळलं तर?”

“तिला मिळणार मी गेल्यावर. तेव्हा ऐकून घ्यायला मी थोडीच असणार आहे.”

लॉरेनला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. अ‍ॅव्हिसने तिला ते दोन्ही करू दिलं. मग लॉरेनने नाक पुसून हळूच विचारलं, “दोनशे दहा कशाला लागले?”

“गॅसला. कशाला लागतात माणसाला?”

“आता तरी हीटिंग लावता ना घरी?”

“रविवारी मी इथे असते,” अ‍ॅव्हिस म्हणाली. “कीलीला आत बोलाव. नखांना लावते ते घेऊन ये म्हणावं. गडद निळं असलं तर बरं. आणि एक दातकोरणं दे.”

कीली बाटली घेऊन आली. अ‍ॅव्हिस खुर्ची ओढून ओट्याशी बसली, पालथ्या ताटलीला डाव्या हाताचा टेकू दिला, दातकोरण्याचं टोक निळ्यात बुडवलं आणि छापाखाली एक, दोन, तीन ठिपके दिले. मग शेपटी. शेपटी जरा लांब ओढली की परदेशाचं नाव बरोबर तिच्याखाली झाकलं जात होतं. चहाचा कप धरताना तिचा हात हल्ली कापायचा. आता तो कापत नव्हता. एक ताटली व्हायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नव्हतं, आणि ती पूर्ण झाली की अ‍ॅव्हिस मान वर न करता हात पुढे करी, आणि लॉरेन त्यात दुसरी देई. नगावर पगार घेतलेला हात होता तो.

“भांडी धुवायच्या यंत्रात घालू नकोस,” अ‍ॅव्हिस म्हणाली. “दोन वेळा घातल्यास तर जाईल. हाताने धू. आणि ते पाच पौंड बंद करू नकोस.”

“मला लाज वाटते हो त्याची.”

“वाटू दे. फुकट मिळतंय म्हटल्यावर डेनीस न्हाणीघरातून उठायची नाही. भांडायला मात्र ती कुठूनही येईल.”

सहा ताटल्या जाळीत उभ्या करून झाल्या, तोच दार ढकलून डेनीस आत आली. “गोड आणताय की आम्ही घरी जाऊ?” असं म्हणता म्हणताच तिने सवयीने जाळीतली पहिली ताटली उचलली आणि पालथी केली. डेनीसने ताटली खिडकीकडे धरली. अंगठा आईसारखाच छापाखाली फिरवला, आणि तिचा चेहरा निवळला.

“बघितलंस, कीली?” ती म्हणाली. “हाताचं काम कसं लगेच कळतं. हल्ली छापून येतं त्यात ही जान नसते.”

“नसतेच,” अ‍ॅव्हिस म्हणाली.

डेनीसने ताटली जागेवर ठेवली. क्षणभर घुटमळली. मग पर्स उघडून तिने पाचाची नोट काढली आणि चहाच्या डब्याखाली सरकवली. “अशा ताटलीत जेवायला मिळतं अजून,” ती कुणाकडेच न बघता म्हणाली. “पाच काही जास्त नाहीत. आणि आई, तुझ्याकडचा सेट माझा आहे, हे विसरू नकोस.”

“कशी विसरेन? परवाच सगळ्या खुणा जागच्या जागी आहेत ना, ते बघून ठेवलंय.”

डेनीस बाहेर गेली. नोटेच्या कडेला तिच्या अंगठ्याचा निळा डाग उमटला होता. लॉरेन तो फडक्याने पुसायला गेली.

“राहू दे, वाळेल,” अ‍ॅव्हिस म्हणाली. तिने बाटलीचं बूच लावलं आणि ती कीलीला परत दिली. तिची बोटं ओट्याच्या गार फरशीवरून उठून ओव्हनच्या कोमट दारावर गेली आणि तिथेच थांबली. लॉरेनने ते बघितलं. कोट अजून अंगात होता.

“अ‍ॅव्हिस,” ती म्हणाली, “बुधवारीही मी ओव्हन लावते. लावावाच लागतो. तुम्ही येत जा.”

बुधवारी या घरात ओव्हन लावत नसत, हे अ‍ॅव्हिसला चांगलं ठाऊक होतं. तिने थोडा विचार केल्यासारखं केलं.

“किती?”

“पाच.”

“गोड धरून?”

“धरून,” लॉरेन म्हणाली.